पाटी लागल्यापासून किल्ली देईपर्यंत

शनिवारची सकाळ. दुपारी एकला आमच्या घराचं 'ओपन हाउस' होतं, म्हणजे वाटेल त्याने यावं, खोल्या, कपाटं, न्हाणीघरं बघावीत आणि निघून जावं असा मोकळा दरबार. वास राहू नये म्हणून दोन दिवस घरात फोडणीसुद्धा घातली नव्हती. तळघरातले दिवे लावायला खाली उतरले आणि पायमोजे ओले झाले. वॉटर हीटरच्या बुडाशी गंजाच्या रंगाचं पाणी साचलं होतं.

आपल्याकडचा, न्हाणीघराच्या भिंतीवरचा पंधरा लिटरचा गीझर डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकेत तळघराच्या कोपऱ्यात माणसाएवढी टाकी उभी असते. आमची ५० गॅलनची, म्हणजे जवळपास १९० लिटरची होती. आत पाणी चोवीस तास तापलेलं, आणि गंज आधी आपल्याला खाऊ दे, टाकीला नको, म्हणून स्वतःला झिजवत राहणारी धातूची एक कांडी. ही कांडी संपली की गंजाचा मोर्चा टाकीकडे वळतो. अशा टाक्या साधारण आठ ते बारा वर्षं टिकतात. आमची बाराव्या वर्षात होती. हिरवळीवर विक्रीची पाटी लागून तेव्हा अकरा दिवस झाले होते.

एजंटला फोन केला. ती अजिबात घाबरली नाही. म्हणाली, "होम वॉरंटी आहे ना तुमच्याकडे? लिस्टिंग कव्हरेज चालू आहे. त्यांना फोन करा." घर बाजारात आणताना सह्या केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात ते एक पान होतं खरं. कधीतरी सावकाश वाचू म्हणून ठेवलेलं. वाचायची वेळ आली ती ओल्या पायमोज्यांनिशी.

घर विक्रीला काढल्यापासून ते दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंतचा काळ मोठा विचित्र असतो. कागदोपत्री घर तुमचं, पण मनाने तुम्ही ते सोडलेलं. नवा हीटर घ्यायचा तर तो दुसऱ्याच्या अंघोळीसाठी. न घ्यावा तर घर विकलं जात नाही. आमच्या न्यू जर्सीत हा काळ टप्प्याटप्प्याने जातो. आधी घर एजंटांच्या सामाईक यादीत येतं. मग बोली येते. बोली मान्य करून दोन्ही बाजूंनी सह्या केल्या तरी कामाचे तीन दिवस वकिलांना करार तपासायला आणि मोडायलासुद्धा असतात. मग इन्स्पेक्टर येतो, जमिनीखाली जुनी तेलाची टाकी पुरलेली आहे का याचा शोध होतो (या राज्यातल्या खरेदीदारांना ही एक खास धास्ती असते, कारण गळकी टाकी निघाली तर माती उपसण्याचा खर्च डोळे पांढरे करतो), बँकेचा माणूस घराची किंमत ठरवतो, गावचा अधिकारी धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म वाजतात का ते बघून प्रमाणपत्र देतो, आणि मग क्लोजिंग. आपल्याकडच्या भाषेत इसारापासून खरेदीखतापर्यंत. बोली आल्यापासून तीसेक ते साठ दिवस सहज जातात, आणि बोली येईपर्यंत किती जातील ते घराच्या नशिबावर.

या मधल्या काळात घराचं काही झालं तर नुकसान कोणाचं, हा प्रश्न जुना आहे. १८०१ साली इंग्लंडमध्ये 'पेन विरुद्ध मेलर' नावाचा खटला झाला. खरेदीचा करार झालेला, खरेदीखत व्हायचं होतं, आणि मध्येच घरं जळून गेली. लॉर्ड एल्डन यांनी निकाल दिला की पैसे खरेदीदारानेच द्यायचे, कारण करार झाला तेव्हाच न्यायाच्या दृष्टीने मालमत्ता त्याची झाली. राखेचे पैसे मोजायचे! अमेरिकेने हा नियम इंग्लंडकडून घेतला आणि पुढे बऱ्याच राज्यांनी तो मोडीत काढला. १९३५मध्ये त्यासाठी एक नमुना कायदा तयार झाला: ताबा किंवा मालकी हस्तांतरित होईपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कने तो उचलला. भारतात हा घोळ मुळात झालाच नाही. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा स्वच्छ सांगतो की विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि मालकी खरेदीदाराकडे गेल्यावरच नुकसान त्याच्या माथी.

पण हे सगळं आगीचं, वादळाचं, घर कोसळण्याचं. म्हातारपणाने गळणाऱ्या टाकीचं काय? घराचा विमा असतो, पण विमा अचानक ओढवलेल्या संकटाचा असतो, झिजेचा नसतो. टाकी फुटून लाकडी जमीन फुगली, भिंती भिजल्या, तर त्याचा खर्च बहुधा विमा कंपनी बघते. फुटलेली टाकी मात्र तुमची तुम्ही बघा. नेमकी ही फट बुजवायला होम वॉरंटी नावाचा धंदा जन्माला आला. या धंद्यातली आद्य समजली जाणारी 'अमेरिकन होम शील्ड' ही कंपनी १९७१ची. ठरावीक रक्कम भरायची आणि वर्षभरात घरातली यंत्रं, म्हणजे घर तापवणारी भट्टी, एसी, नळ, वायरिंग, वॉटर हीटर, ओव्हन, डिशवॉशर, जे काही वापरून-वापरून बिघडेल ते कंपनी दुरुस्त करून देणार. वर्षाला साधारण ४०० ते ७०० डॉलर, कधी त्याहून अधिक. शिवाय माणूस दारात आला की प्रत्येक वेळी ७५ ते १५० डॉलरची फी वेगळी. छप्पर, पाया, भिंती, खिडक्या यात येत नाहीत. पोहण्याचा तलाव, विहिरीचा पंप यांचे जादा पैसे.

आता नावाबद्दल. याला वॉरंटी म्हणणं हे खरं तर भाषेवर अन्याय करणं आहे. १९७५चा मॅग्नुसन-मॉस नावाचा केंद्रीय कायदा दोन गोष्टी वेगळ्या करतो. वस्तू विकताना तिच्याबरोबर, तिच्याच किमतीत दिलेलं वचन म्हणजे वॉरंटी. वेगळे पैसे घेऊन केलेला देखभालीचा वायदा म्हणजे सेवा-करार. होम वॉरंटी हा सरळसरळ दुसऱ्या जातीचा करार आहे. ती वॉरंटी नाही आणि बहुतेक राज्यांत विमाही नाही. कॅलिफोर्नियात तिला 'होम प्रोटेक्शन कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात आणि तिच्यावर विमा खात्याची नजर असते. टेक्सासचा शब्द आणखी कोरडा आणि म्हणून अधिक प्रामाणिक आहे, 'रेसिडेन्शियल सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट'. आपल्या सोसायटीत लिफ्टचं किंवा पंपाचं 'एएमसी' असतं ना, त्याची ही चुलत बहीण. फरक एवढाच की एएमसी देणारा माणूस आधी पंप बघून जातो.

हा फरक लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

तर लिस्टिंग कव्हरेज. घर विक्रीला काढताना विकणारा सांगतो की जो कोणी घर घेईल त्याला मी पहिल्या वर्षाची होम वॉरंटी देईन. त्याचा हप्ता आज भरायचा नसतो. क्लोजिंगच्या दिवशी विक्रीच्या रकमेतून तो परस्पर वळता होतो. बदल्यात कंपनी म्हणते, मग घर विकलं जाईपर्यंत तुमच्या यंत्रांकडेही आम्ही बघतो. बहुतेक करारांत हा काळ जास्तीत जास्त १८० दिवसांचा असतो, काहींत वाढवून मिळतो. काही कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, काही थोडे घेतात. घर विकलंच नाही आणि पाटी काढून घेतली तर काही करारांत काहीच देणं लागत नाही, आणि काहींत तोवर केलेल्या दुरुस्तीचे पैसे परत मागितले जातात. हे शेवटचं वाक्य करारात फार लहान अक्षरांत असतं.

हे कव्हर खरेदीदाराच्या वर्षापेक्षा बारीक अंगाचं असतं. एकूण खर्चाला कमाल मर्यादा, ती पुष्कळदा खरेदीदाराला मिळणाऱ्या मर्यादेहून कमी. घरातली सगळ्यात महाग यंत्रं म्हणजे भट्टी आणि एसी. कित्येक करारांत विक्रीच्या काळात तीच मुळात वगळलेली असतात किंवा जादा पैसे भरल्यावरच आत येतात. आमच्या पानावरही 'हीटिंग-कूलिंग, पर्यायी' असं लिहून पुढे रिकामा चौकोन होता. एजंटने तो रिकामाच सोडला होता, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

अशी जवळपास फुकटची सेवा कंपनी का देते? कारण तिचा डोळा आमच्यावर नसतोच. आम्ही तर चाललो. तिला हवा असतो तो नवा मालक, जो पहिलं वर्ष दुसऱ्याच्या पैशाने वापरेल आणि दुसऱ्या वर्षी सवयीने स्वतःच्या कार्डावरून भरेल. या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत उत्पन्नाचा सर्वात मोठा वाटा नूतनीकरणाचा दिसतो. लग्नात वरपक्षाला द्यायच्या पानसुपारीसारखं आहे हे. खर्च दिसतो, पण हिशेब पुढच्या नात्याचा असतो.

इथे अर्थशास्त्रातली एक गोष्ट आठवते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी नाकारल्यावर तो चौथ्याकडे छापला गेला आणि २००१मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मुद्दा साधा होता. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खराब असू शकते असं धरून भाव पाडतो. पडलेल्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही, आणि बाजारात टाकाऊ माल उरतो. यावर एक उतारा म्हणजे हमी. मालाची खात्री असेल तोच हमी देईल, आणि न देणाऱ्याकडे लोक संशयाने बघतील.

जुनं घर म्हणजे जुनी गाडीच, फक्त हलवता न येणारी. म्हणून पाटीखाली 'होम वॉरंटीसह' असं लटकवलं की खरेदीदाराला हायसं वाटतं. पण जरा थांबा. अकरलॉफची हमी माल माहीत असलेला माणूस देतो. इथे हमी देणारी कंपनी हजार मैलांवरची, तिने घर पाहिलेलंही नाही. दोन वर्षांची भट्टी असो की बावीस वर्षांची, हप्ता साधारण तोच. मग त्या पाटीवरून घराविषयी काय कळलं? काहीच नाही. चांगल्या घराचा मालक ती घेऊ शकतो आणि वाईट घराचा मालक तर अधिक हौसेने घेईल.

मग कंपनी बुडत का नाही? कारण तपासणी ती करतेच, फक्त आधी करत नाही. तक्रार आल्यावर करते. एएमसीवाला पंप बघून करार करतो; ही कंपनी करार करून पंप बघते. म्हणून सगळा भार येऊन पडतो दोन शब्दांवर, 'चालू स्थिती'. कव्हर सुरू झालं त्या तारखेला यंत्र चालू स्थितीत होतं आणि नंतर साध्या वापराने बिघडलं, तर कंपनीची जबाबदारी. आधीच बिघडलेलं होतं, नीट देखभाल नव्हती, चुकीचं बसवलेलं होतं, तर नाही. यंत्र किती जुनं आहे यापेक्षा बिघाड किती जुना आहे याला महत्त्व. आणि गळणाऱ्या टाकीवर गळती कोणत्या दिवशी सुरू झाली याची तारीख कोरलेली नसते.

आमच्याकडे माणूस सोमवारी आला. (ओपन हाउसच्या दिवशी थंड नळ चालू होते, गरम नळांवर 'दुरुस्ती सुरू आहे' अशा चिठ्ठ्या होत्या, आणि एका गृहस्थांनी तरीही प्रत्येक गरम नळ उघडून पाहिला.) कंपनीच्या माणसाने टाकीच्या पाठचा अनुक्रमांक वाचला, त्यातल्या अंकांवरून टाकी कोणत्या वर्षी बनली ते कळतं. बुडाच्या गंजाचे फोटो काढले आणि कंपनीला पाठवले. संध्याकाळी कंपनीतून फोन. गंज जुना दिसतो, गळती लिस्टिंगच्या आधीची असावी, असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला वाचवलं ते एका फोटोने. घर यादीत टाकण्यापूर्वी एजंटचा फोटोग्राफर रुंद भिंगाचा कॅमेरा घेऊन आला होता. आमचं तळघर त्याच्या फोटोत विमानतळाएवढं दिसतं. त्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात हीटर उभा होता आणि त्याच्या पायाशी कोरडी ठणठणीत, नुकतीच रंगवलेली करडी जमीन. फोटोवर तारीख होती. तो पाठवला. दुसऱ्या दिवशी कंपनीने टाकी मान्य केली.

टाकी मान्य केली म्हणजे टाकीच. पाणी तापून फुगलं की दाब झेलायला जी छोटी वेगळी टाकी लागते ती नाही, खालचं पत्र्याचं ताट नाही, जुनी टाकी उचलून नेण्याचे पैसे नाहीत, गावाच्या परवान्याची फी नाही. इकडे वॉटर हीटर बदलायला परवाना काढावा लागतो हे मला तेव्हा कळलं. फीसकट ४१० डॉलर आमच्या खिशातून गेले. सगळं आम्हीच केलं असतं तर दीड-दोन हजार लागले असते, म्हणजे फायदा झाला, हे कबूल. पण आठवडा गेला, आणि विक्रीला काढलेल्या घराचा एक आठवडा किती डॉलरचा असतो ते कोणी पानावर लिहीत नाही.

कंपन्यांची आणखी एक पद्धत इथे सांगितली पाहिजे. कधी कधी त्या दुरुस्तीऐवजी रोख देऊ करतात. ती रक्कम बाजारभावाची नसते. आपल्या ठरलेल्या ठेकेदाराकडून घाऊक दराने त्यांना जेवढ्यात पडलं असतं तेवढी असते. आणि ठेकेदारही कंपनीच्या यादीतलाच. त्याला पुढची कामं कंपनीकडून मिळायची असतात, तुमच्याकडून नाही.

चार आठवड्यांनी बोली आली आणि पाठोपाठ इन्स्पेक्टर आला. शिडी, टॉर्च, ओलावा मोजायचं यंत्र घेऊन तो घरात तीन तास होता. अहवाल आला चाळीसेक पानांचा. हीटर नवा, उत्तम. एसीबद्दल मात्र तीन ओळी: यंत्र २००७चं, त्यात आर-२२ वायू, गारवा अपुरा.

हा आर-२२ म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या वायूंपैकी तो एक. माँट्रियल कराराप्रमाणे अमेरिकेने २०१०पासून हा वायू वापरणारी नवी यंत्रं बंद केली आणि १ जानेवारी २०२०पासून तो नव्याने बनवणं आणि आयात करणंही. जुन्या यंत्रांसाठी आता उरलासुरला साठा किंवा काढून शुद्ध केलेला वायू. त्यामुळे भाव चढलेले. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०एने ओझोनला धक्का लागत नाही, पण पृथ्वी तापते. म्हणून २०२५पासून घरांसाठी त्या वायूवरच्या नव्या यंत्रांनाही ओहोटी लागली. घरमालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की जुन्या एसीचा एक भाग गेला की तोच भाग बदलून भागत नाही. बाहेरचं यंत्र नवं तर आतली कॉइलही नवी लागते. सेवा-करारांत वायूच्या किमतीवर अनेकदा दर पौंडामागे मर्यादा असते, आणि 'नव्या नियमांशी जुळवून घेण्याचा खर्च' हा वगळलेल्यांच्या यादीत वरच्या नंबरवर.

खरेदीदार जोडपं तरुण होतं, तेलुगू, पहिलंच घर. त्यांनी एसीबद्दल विचारलं तेव्हा आमची एजंट पटकन म्हणाली, "वॉरंटी आहे ना, काही झालं तर ते बघतील." ती वाईट बाई नव्हती. या वाक्यावर तिचे कित्येक व्यवहार तरले असतील. पण ते वाक्य खोटं होतं आणि ते खोटं का आहे हे मला हीटरने शिकवलं होतं. ज्या दिवशी इन्स्पेक्टरने 'गारवा अपुरा' असं लिहिलं, त्या दिवशी तो दोष आधीचा, आणि माहीत असलेला झाला. ऑगस्टमध्ये एसी बंद पडला की कंपनीचा पहिला प्रश्न असतो, "इन्स्पेक्शनचा अहवाल पाठवता का?" म्हणजे घराची नीट तपासणी करून घेणारा शहाणा खरेदीदार स्वतःच कंपनीच्या हाती नकाराचा कागद ठेवतो. न कळलेले जुने दोष काही कंपन्या झाकून घेतात, कळलेले कोणी घेत नाही. आम्ही किमतीत एसीपोटी सूट दिली. माझा नवरा दोन दिवस कुरकुरला.

एजंटला त्या वॉरंटीत रस का असतो, यालाही इतिहास आहे. कंपन्या पूर्वी प्रत्येक विकलेल्या करारामागे एजंटला पैसे देत. घरखरेदीतल्या छुप्या दलालीवर १९७४चा केंद्रीय कायदा आहे. २०१०च्या जूनमध्ये गृहनिर्माण खात्याने त्याचा अर्थ स्पष्ट केला: एखाद्या ग्राहकाकडे विशिष्ट वॉरंटीची नुसती भलामण केल्याबद्दल पैसे घेणं ही बेकायदा लाच, खरोखर वेगळं, आवश्यक काम केलं असेल तरच त्याचा रास्त मोबदला. एजंटचा खरा फायदा तसा वेगळाच असतो. क्लोजिंगनंतर भट्टी बंद पडली तर खरेदीदार तिला फोन करत नाही, वॉरंटीच्या टोल-फ्री नंबरवर करतो.

'होम वॉरंटीसह' या पाटीचं येणं-जाणं बाजाराबरोबर होतं, हेही बघण्यासारखं आहे. २०२१मध्ये गृहकर्ज तीन टक्क्यांच्या आसपास होतं, एकेका घरावर दहा-दहा बोल्या पडत, तेव्हा खरेदीदार इन्स्पेक्शनचा हक्कसुद्धा सोडून देत होते. वॉरंटी मागतो कोण? घरविक्रीच्या वाटेने येणारे ग्राहक तेव्हा या कंपन्यांचे चांगलेच आटले. २०२२च्या शरद ऋतूत व्याज सात टक्क्यांवर गेलं, पुढे घरं रेंगाळू लागली, आणि पाट्यांखाली पुन्हा ती छोटी पाटी दिसू लागली.

घर रेंगाळलं की आणखी एक धोका डोकं वर काढतो, आणि त्यावर वॉरंटीचा काही उपयोग नाही. पुष्कळ जण नोकरीच्या गावी आधी निघून जातात आणि घर रिकामं राहतं. घराच्या विम्यात रिकाम्या घराचं एक कलम असतं. घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं, की तोडफोडीसारख्या काही नुकसानांची भरपाई बंद होते. थंडीत नळ गोठून फुटले तर, घर उबदार ठेवण्याची किंवा पाणी बंद करून नळ रिकामे करण्याची काळजी घेतली होती का, हे विचारलं जातं. वॉरंटी कंपनी गोठून फुटलेला नळ 'साधी झीज' मानत नाही, आणि विमा कंपनी रिकाम्या घराचं कलम दाखवते. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये वीज गेली आणि हाडं गोठवणारी थंडी पडली, तेव्हा घराघरांतून नळ फुटले. ज्या रिकाम्या घरांचं पाणी कोणी बंद केलं नव्हतं, तिथे ते कोणाच्या लक्षात येईपर्यंत वाहत राहिलं.

पुन्हा माहीत असलेल्या दोषांकडे येते. ते लपवण्याबद्दल एक गंमत सांगते. न्यूयॉर्क राज्यात हडसनकाठी नायॅक नावाचं गाव आहे. तिथल्या एका मालकिणीने आपल्या घरात भुतं आहेत म्हणून मासिकात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत गाजवलं होतं. घर विकताना मात्र बाहेरगावच्या खरेदीदाराला ती काही बोलली नाही. १९९१मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की जगाला भुतं सांगितलेल्या बाईला आता भुतं नाहीत असं म्हणता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने घर झपाटलेलंच, आणि खरेदीदाराला करारातून बाहेर पडता येईल. इन्स्पेक्टरला भूत सापडत नाही, म्हणून सांगणं विकणाऱ्याचं काम. न्यू जर्सीत २०२४पासून घराच्या स्थितीचं लेखी निवेदन देणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

आईला पुण्याला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, पण जुन्या घराची गॅरंटी कोण देतं? आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा तुझ्या मामाला जुलैत नेलं होतं. त्याने हात फिरवला भिंतीवरून." खरं आहे. आपल्याकडे घर पावसाळ्यात बघावं म्हणतात, ओल दडवता येत नाही. महाराष्ट्रात नव्या इमारतीला रेराचं संरक्षण आहे: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष दिसला तर बिल्डरने तीस दिवसांत, पैसे न घेता तो दुरुस्त करायचा. फ्लॅट मध्येच विकला तरी कायद्यातल्या 'अलॉटी'च्या व्याख्येत पुढचा घेणाराही येतो, म्हणून उरलेल्या वर्षांचा कागद खरेदीखताबरोबर मागून घेतलेला बरा. पाच वर्षांनंतर मात्र १८८२चाच कायदा. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. एसी, गीझर, वॉशिंग मशीन? ती बहुतेक घरांतून मालकाबरोबरच जातात. तिथे प्रश्नच उरत नाही.

"आणि त्या पोरांना एसीचं सांगितलंस का?" आईने विचारलं. सांगितलं होतं.

क्लोजिंगच्या आदल्या संध्याकाळी ते दोघं शेवटचं घर बघायला आले. रिकाम्या खोल्यांत आवाज घुमत होता. तिने कपाटं उघडून बघितली, दिव्यांची बटणं लावली-बंद केली. तो स्वयंपाकघरात गेला, गरम पाण्याचा नळ सोडला आणि धारेखाली हात धरून उभा राहिला. तळघरापासून तिथपर्यंत पाणी यायला वेळ लागतो. आम्हाला पंधरा वर्षांची सवय. मी उगीचच ओट्यावरची चुरगळलेली चिंधी घडी करू लागले. मग त्याने झटकन हात मागे घेतला, हसला, आणि नळ बंद केला.